टोमॅटोचं झाड करप्याशी स्वतः लढतं का? (उशिरा येणारा करपा)

वाफसा_बीड (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ८:४२

आठ दिवस झाले, झाकोळ हटेना. पहाटे धुई, नऊ वाजले तरी पानावरचं दव हलत नाही, दुपारी नावाला ऊन. टोमॅटोला उशिरा येणारा करपा लागायला याहून सोयीची हवा नाही. अशा दिवसांत कृषी केंद्रात गेलं की हातात दोन पुड्या पडतात. एक बुरशीनाशकाची, दुसरी 'झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारी'. दुसरी पहिलीपेक्षा महाग, आणि तिच्यात काय आहे ते भिंग लावूनही वाचता येत नाही.

कोणतं औषध मारू हा माझा प्रश्न नाही, त्यावर इथं पन्नास धागे पडलेत. विचारायचंय ते असं: झाडाला स्वतःची म्हणून प्रतिकारशक्ती असते का? असली तर ती नेमकं करते काय? आणि ती असतानाही चार दिवसांत अख्खा प्लॉट उकडून काढल्यासारखा कसा होतो? जाणत्यांनी सविस्तर लिहा. लांबलं तरी वाचू.

आडमुठा
सोमवार, रात्री ८:५०

असती तर पाठीवरचा पंप कशाला निघाला असता?

सूक्ष्मदर्शी
सोमवार, रात्री १०:१५

आडमुठा, ती नसती तर पंपानं काहीच वाचलं नसतं. टोमॅटोच्या पानावर नाना रोगांचे बीजाणू रोज पडतात. ज्वारीचे, कपाशीचे, बांधावरच्या गवताचे. त्यातले जवळपास सगळे तिथंच मरतात, कारण झाड त्यांना आत घेत नाही. पंप लागतो तो ज्या मोजक्यांना झाडाचा पहारा चुकवता येतो त्यांच्यासाठी.

आधी शत्रू कोण ते बघू. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. आपण बुरशी म्हणतो, पण ही खरी बुरशी नव्हे, ऊमायसीट आहे. नात्यानं तपकिरी शेवाळांच्या जवळची. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, हिच्यात मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज. एवढं डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, वाऱ्यावर येते आणि पानावर टेकते. पानावर पाण्याचा पापुद्रा असेल आणि गारठा १२-१५ अंशांच्या आसपास असेल तर ती फुटते आणि आतून बरेच चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या, अक्षरशः पोहतात. थोड्या वेळानं शेपट्या टाकून देतात, अंगाभोवती कवच करतात, कोंब काढतात, कोंबाच्या टोकाला चिकट चकती तयार होते आणि तिच्याखालून एक खुंटी पानात घुसते. हवा उबदार, २० अंशांच्या वर असली तर धानी न फुटता थेट रुजते. म्हणजे गारठ्यात एका धानीतून अनेक घुसखोर, उबेत एकच. पाच-सहा तास पान ओलं राहिलं की एवढं सगळं उरकतं. तुमची धुई नऊपर्यंत राहते म्हणता, म्हणजे वेळ भरपूर झाला.

आत गेल्यावर साधारण दोन दिवस ती एकही पेशी मारत नाही. पेशींमध्ये बोटांसारखे शोषक घालून खात बसते. वरून पान हिरवंगार. त्यानंतर पेशी मारायला लागते, डाग दिसतो, आणि चार-पाच दिवसांत पानाच्या खालून पांढरी लव. झाडाची लढाई या पहिल्या दोन दिवसांतली आहे. तिचं उद्या लिहितो.

गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ६:३०

सूक्ष्मदर्शी लिहितीलच, पण त्याआधी एक खोडा घालतो. मराठवाड्यात ज्याला त्याला 'करपा' म्हणायलेत. आपल्या कोरड्या पट्ट्यात नेहमीचा करपा हा लवकर येणारा, अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. उशिरा येणारा करपा दरसाल येत नाही. सलग गार, ओले दिवस मिळाले तरच येतो. दोन्हींची लढाई वेगळी, म्हणून आधी ओळख पक्की करा.

लवकर येणारा: खालच्या जुन्या पानांपासून सुरू, डागात कापलेल्या खोडासारखी वर्तुळं, भोवती पिवळं कडं, वाढ सावकाश. उशिरा येणारा: शेंड्याकडच्या पानावरही येतो, डाग गरम पाणी पडल्यासारखा काळपट हिरवा, कड नक्की नाही, वर्तुळं नाहीत. खोडावर, देठावर काळे-तपकिरी पट्टे. हिरव्या फळावर तेलकट तपकिरी खडबडीत चट्टा, आणि गंमत म्हणजे चट्टा असलेलं फळ टणकच राहतं, लगेच लिबलिबीत होत नाही. कवळ्या शेंड्याला जांभळट झाक, फळावर गोल कडी असली तर तो करपाच नव्हे, फुलकिड्यानं आणलेला विषाणू. त्याला कुठलंच बुरशीनाशक चालत नाही.

खात्री करायची तर डाग असलेलं पान संध्याकाळी तोडा, ओला टिश्यू किंवा कागद घातलेल्या पॉलिथिन पिशवीत हवा भरून बांधा, रात्रभर गार जागी ठेवा. सकाळी पान उलटं करून दहापटीच्या भिंगातून बघा. उशिरा येणारा असेल तर डागाच्या कडेला, हिरवा भाग आणि मेलेला भाग जिथं भेटतात तिथं, पिठासारखी पांढरी लव गोल दिसते. डागाच्या मधोमध नसते, कारण तिथं खायला काही उरलेलं नसतं. हीच लव पहाटे शेतात दिसते, दहा वाजता उन्हानं वाळून जाते. म्हणून दुपारी पाहणी करणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

वाफसा_बीड
मंगळवार, सकाळी ७:०५

गोदाकाठ, कामाचं लिहिलंत. मग बुरशी नव्हे म्हटल्यावर कार्बेन्डाझिमचं काय? इकडं 'करपा' म्हटलं की पहिला हात त्याच पुडीवर जातो.

मोरचूद
मंगळवार, सकाळी ७:४०

पैसे पाण्यात. कार्बेन्डाझिम ऊमायसीटवर चालत नाही. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल वगैरे 'कोनॅझोल' मंडळीही नाहीत. ती बुरशीची एर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीपडद्याला लागणारं स्टेरॉल) बनवायची यंत्रणा बंद पाडतात. फायटोफ्थोरा स्टेरॉल बनवतच नाही, झाडाकडून उचलते. बंद कारखान्यात संप करून काय होणार?

चालतात ते मॅन्कोझेब आणि तांबं (दोन्ही स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहणारी, रोग यायच्या आधी), आणि पानात कमी-जास्त शिरणाऱ्यांत सायमोक्झॅनिल, डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड, फ्लुओपिकोलाइड, सायझोफॅमिड ही मंडळी. पुडीवर टोमॅटो आणि उशिरा येणारा करपा हे दोन्ही शब्द आहेत का, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, ते वाचूनच घ्या.

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ९:३०

आता झाडाकडं वळू.

पहिला अडसर पानावरचा मेणाचा थर आणि केस. पाणी घरंगळून गेलं, पान लवकर सुकलं तर अर्धं काम झालं. पण खुंटी थर फोडूनच घुसते, त्यामुळं एवढ्यावर भागत नाही.

दुसरा टप्पा ओळखीचा. झाडाच्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यावर पहारेकरी प्रथिनं असतात. त्यांना फायटोफ्थोराची भित्ती तुटून पडलेले ग्लुकनचे तुकडे आणि तिनं सोडलेली काही ठरावीक प्रथिनं जाणवतात. जाणवलं की मिनिटांत पेशीत कॅल्शियम आत शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि खुंटी जिथं टोचतेय तिथं आतून कॅलोजचा लिंपा पडतो. भिंतीला उंदीर पोखरतोय तिथं आतून चिखल थापावा तसा. काही तासांनी रसायनं आणि प्रथिनं यायला लागतात. ग्लुकन तोडणारी ग्लुकनेज, कायटिन तोडणारी कायटिनेज (आता आठवा: फायटोफ्थोरात कायटिन जवळपास नाहीच, म्हणजे हे शस्त्र इथं बोथट), आणि पी-६९-बी नावाचं प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम). शिवाय पीआर-१ हे प्रथिन स्टेरॉल धरून ठेवतं. मोरचूद यांनी सांगितलंच की फायटोफ्थोरा स्टेरॉल झाडाकडून उचलते. झाड तेच तिच्या तोंडचं काढून घेतं. या पीआर-१ चं काम बरीच वर्षं कुणाला उलगडत नव्हतं.

मग हरतं का झाड? कारण समोरचाही मोकळ्या हातानं येत नाही. पी-६९-बी ला बांधून ठेवायला फायटोफ्थोरा ईपीआय-१ नावाचं प्रथिन सोडते. विकराच्या कात्रीत काडी अडकवल्यासारखं. ग्लुकनेजला अडवणारी प्रथिनं वेगळी. आणि शोषक बोटांतून पेशीच्या आत ती एक वेगळीच फौज सोडते, आरएक्सएलआर इफेक्टर म्हणतात. २००९ मध्ये तिचा जनुकसंच वाचला तेव्हा अशी साडेपाचशेच्या आसपास जनुकं सापडली. यांचं काम एकच, झाडाचा गजर बंद करणं. लिंपा पडू न देणं, पेरॉक्साइड होऊ न देणं. जनुकसंचातही ती अशा भागात आहेत जिथं सारखी उलथापालथ होते, म्हणून दर काही वर्षांनी त्यांचा नवा अवतार येतो.

तिसरा टप्पा सगळ्यात कडवा. काही झाडांच्या पेशीत आतले पहारेकरी असतात, ते हे इफेक्टरच ओळखतात. ओळख पटली की ती पेशी आणि शेजारच्या दोन-चार पेशी स्वतःहून मरतात. फायटोफ्थोराला सुरुवातीला जिवंत पेशी लागते. तीच मेली तर ती उपाशी अडकते. अशा पानावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात आणि तिथंच थांबतात. लव येत नाही. ठिपके दिसले की घाबरून फवारणारे खूप, पण तो ठिपका म्हणजे झाडानं जिंकलेली जागा असते.

रानमेवा
मंगळवार, रात्री १०:०२

टोमॅटिन राहिलं की! हिरव्या टोमॅटोत, पानात असतं ते. विष आहे बुरशीला.

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री १०:२०

बुरशीला आहे, हिला फारसं नाही. टोमॅटिन पेशीपडद्यातल्या स्टेरॉलला चिकटून भोकं पाडतं. हिच्या पडद्यात चिकटायला स्टेरॉल पुरेसं नाही. जी उणीव म्हणून कोनॅझोल फसतं, त्याच उणिवेमुळं टोमॅटिनही फसतं. गरिबाच्या घरात चोराला काय मिळणार, त्यातला प्रकार.

पेरा_जालना
बुधवार, सकाळी ११:१०

सूक्ष्मदर्शी यांच्या तिसऱ्या टप्प्याला बियाण्याच्या धंद्यात नावं आहेत. टोमॅटोत पीएच-१, पीएच-२, पीएच-३ आणि पीएच-५ ही जनुकं माहीत आहेत. पीएच-१ सातव्या गुणसूत्रावर, १९५० च्या दशकातली, रोगाच्या नव्या वंशानं ती झटपट निकामी केली. पीएच-२ दहाव्यावर, ती रोग थांबवत नाही, वेग कमी करते. पीएच-३ नवव्यावर, रानटी चेरीएवढ्या टोमॅटोतून, म्हणजे सोलॅनम पिम्पिनेलिफोलियममधून आली. २०१४ मध्ये हे जनुक वेगळं काढून बघितलं, तेव्हा ते आतल्या पहारेकऱ्याचंच निघालं. आज पीएच-२ आणि पीएच-३ दोन्ही असलेला संकर घेणं शहाणपणाचं, कारण रोगाला एकाच वेळी दोन्ही चुकवणं अवघड जातं.

आडमुठा
बुधवार, सकाळी ११:१८

पीएच ३? आमच्या काळ्या मातीचा पीएच ८ च्या वर आहे. ३ वर आणायला चिंचेचं पाणी सोडावं लागंल.

पेरा_जालना
बुधवार, सकाळी ११:२५

सामू नव्हे हो माऊली, जनुकाचं नाव! फायटोफ्थोरातलं 'पीएच'. 😄

बियाण्याबद्दल आणखी एक. 'अर्का रक्षक' नाव ऐकून लोक निश्चिंत होतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा तो संकर पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि *लवकर* येणारा करपा या तिघांना प्रतिकारक आहे. उशिरा येणारा त्यात नाही. त्याच संस्थेच्या 'अर्का अभेद'मध्ये तो चौथा धरलाय. पुडीवर नुसतं 'करपा सहनशील' लिहिलं असेल तर कोणता करपा ते विचारा. सहनशील आणि प्रतिकारक हे शब्दही एक नाहीत: पहिल्यात रोग येतो पण उत्पादन बरं निघतं, दुसऱ्यात रोग वाढतच नाही.

गोदाकाठ
बुधवार, दुपारी १:३०

जाणतेपणानं लिहिलंय, पण थोडं असहमत. प्रतिकारक संकर लावला म्हणून पाय पसरून झोपता येत नाही. दक्षिण भारतात टोमॅटोवर आलेला फायटोफ्थोराचा १३-ए-२ हा वंश लक्षात घ्या. तो युरोपातून आलेला, भलताच आक्रमक, आणि मेटॅलॅक्झिल या आंतरप्रवाही औषधाला दाद न देणारा. म्हणजे एकीकडं झाडाची जनुकं चुकवायची ताकद आणि दुसरीकडं औषध पचवायची. 'मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के' मारून जो काही गुण दिसतो, तो अशा ठिकाणी बराचसा त्यातल्या मॅन्कोझेबचा असतो. एकच गट लागोपाठ दोनदा मारू नका. पुडीवर फ्रॅक गटाचा आकडा (औषध रोगाला कसं मारतं त्यावरून दिलेला) असेल तर तो बघा: मेटॅलॅक्झिल ४, सायमोक्झॅनिल २७, डायमेथोमॉर्फ आणि मँडीप्रोपामिड दोन्ही ४०. शेवटची दोन नावं वेगळी असली तरी घर एकच, त्यांची आलटापालट म्हणजे आलटापालट नव्हे.

पेरा_जालना
बुधवार, दुपारी १:४४

मान्य. निश्चिंत व्हा असं मीही म्हणालो नाही. प्रतिकारक संकरात दोन फवारण्यांतलं अंतर वाढवता येतं, एवढाच फायदा धरा. तोही थोडाथोडका नाही.

लिंबोणी
बुधवार, रात्री ८:१०

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या पुडीकडं कुणी वळलंच नाही, म्हणून लिहिते.

झाडाला आधीच सावध करून ठेवता येतं, हे खरं आहे. एका पानावर हल्ला झाला की सॅलिसिलिक आम्लाचा इशारा चढतो आणि लांबची पानंही तयारीत राहतात. काही पदार्थ हल्ल्याशिवाय हाच इशारा देतात. प्रयोगशाळेत बीटा-अमिनोब्युटिरिक आम्लानं टोमॅटो उशिरा येणाऱ्या करप्याला चांगला तोंड देतो असं वारंवार दिसलंय; शेतात मारायचं औषध ते नव्हे. कायटोसान, समुद्री शेवाळाचा अर्क यांचाही थोडाफार परिणाम होतो, पण 'थोडाफार' हा शब्द सोडायचा नाही. तो परिणाम हल्ल्याच्या काही दिवस आधी दिला तरच. डाग दिसल्यावर मारलेली पुडी म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बेंजो.

फॉस्फाइट (फोसेटिल अॅल्युमिनियम, पोटॅशियम फॉस्फाइट) मात्र दुहेरी काम करतं. ऊमायसीटला थेट दाबतं आणि झाडालाही जागं करतं. पानातून मुळाकडं आणि मुळातून पानाकडं दोन्हीकडं फिरतं. पण ०:५२:३४ म्हणजे फॉस्फाइट नव्हे! ते फॉस्फेट, खत आहे. नावात एका अक्षराचा फरक, कामात काडीचा संबंध नाही. फॉस्फाइटमधला स्फुरद झाडाला खत म्हणून वापरताच येत नाही. आणि फोसेटिल तांब्याच्या औषधात कधी मिसळू नका, पानं भाजतात.

सिलिकॉनचं फॅड निघालंय. भात, ऊस सिलिकॉन भरपूर उचलतात. टोमॅटो जवळजवळ उचलतच नाही. उसाचा गुण टोमॅटोवर सांगू नये.

रानमेवा
बुधवार, रात्री ८:२२

आणि अॅस्पिरिनची गोळी? ताई, ती तर सॅलिसिलिकच की.

लिंबोणी
बुधवार, रात्री ८:४०

डोकं दुखत असेल तर स्वतः घ्या. झाडाला सतत 'शत्रू आला' असं सांगत राहिलं तर ते साखर, नत्र सगळं लढाईत घालतं. फुलं, फळं मागं पडतात. जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर. सॅलिसिलिकचा इशारा आणि स्वतःहून पेशी मारणं हे उशिरा येणाऱ्या करप्याच्या पहिल्या दोन दिवसांत कामाचं. लवकर येणारी अल्टरनेरिया मेलेल्या पेशीवरच जगते, तिला पेशी मेली की मेजवानी. तिच्याविरुद्ध झाड जास्मोनिक आम्लाचा दुसरा मार्ग वापरतं आणि हे दोन मार्ग बऱ्याचदा एकमेकांना दाबतात. म्हणून 'सर्व प्रकारच्या करप्यावर प्रतिकारशक्ती' लिहिलेली पुडी दिसली की समजा, लिहिणाऱ्याला करपा एकच माहीत आहे.

काळीभोर_परभणी
बुधवार, रात्री ९:१५

वाचनखूण साठवली. अवांतर: भाव कॅरेटमागं भाड्यापुरताही राहिला नाही की झाडाची प्रतिकारशक्ती शाबूत आणि आपली संपलेली असते.

आडमुठा
बुधवार, रात्री ९:१७

त्याला पीएच-४२० लागतं.

मोरचूद
गुरुवार, सकाळी ७:००

फाटे पुरे. आयडी मोरचूद (कॉपर सल्फेट) असून बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, सांगितलं नाही तर पाप लागेल.

१ टक्क्याचं: मोरचूद १ किलो, चांगला कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. कवळ्या टोमॅटोला अर्धा टक्का, म्हणजे दोन्ही ५००-५०० ग्रॅम. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत ५० लिटर पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाशी टाकलं तर विरघळायला वेळ लागतो. लोखंडी, जस्ती भांडं नको. चुना वेगळ्या ड्रममध्ये विझवून, गाळून ५० लिटर करा. मग मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं चुन्याच्या निवळीत ओता आणि काठीनं सारखं ढवळा. उलटं ओतलं तर गाठी होतात आणि नोझल चोंदतं. आभाळी निळा रंग यायला हवा.

मग घासून चकचकीत केलेला विळा एक मिनिट बुडवा. तांबूस लेप चढला तर मोकळं तांबं आहे, पान जळेल. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, विळा कोरा निघेपर्यंत. केलेलं त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी साका बसतो आणि चिकटपणा जातो.

लिंबोणी
गुरुवार, सकाळी ७:३०

भर घालते: धुई, दव असताना बोर्डो मारू नका. पान ओलं असलं आणि सुकायला वेळ लागला की तांबं जास्त विरघळतं आणि पान भाजतं. दुपारी, पान कोरडं झाल्यावर. फूल भरात असताना हात आखडता.

वाफसा_बीड
गुरुवार, दुपारी २:००

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडं. समजलं ते असं: झाड लढतं, पण वेळ कमी पडतो. मग आज, अशा हवेत, झाडाला तो वेळ मिळवून द्यायचा कसा? प्लॉट साध्या संकराचा, दीड महिन्याचा, तारेवर बांधलेला, ठिबक आणि मल्चिंग आहे. डाग अजून नाही, असं समजा.

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, दुपारी ३:२०

बरोबर पकडलंत. साध्या संकरातही पहिले दोन टप्पे असतातच. हल्ला थोडक्या बीजाणूंचा असेल, पान लवकर सुकत असेल, तर लिंपा आणि विकरं बऱ्याच ठिकाणी पुरतात. एकाच पानावर शंभर ठिकाणी टोचलं गेलं तर कुठं कुठं लिंपणार? स्पर्शजन्य औषध बीजाणूंची संख्या कमी करतं, कोरडं पान त्यांना पोहायला जागा देत नाही. बाकीच्यांना झाड निस्तरतं.

नत्र हात राखून द्या. जास्त नत्राचं पान मऊ, दाट आणि सावकाश सुकणारं.

गोदाकाठ
गुरुवार, सायंकाळी ६:४५

शेतातलं मी सांगतो.

खालची पानं जमिनीपासून एक फूट उंचीपर्यंत काढा, म्हणजे बुडातून वारा खेळतो. पण हे काम अकरा वाजल्यावर, पान खडखडीत वाळल्यावर. ओल्या झाडात बांधणी-छाटणी करणारा माणूस स्वतःच रोग वाहतो, हातानं आणि पँटच्या पायांनी. काढलेली पानं बांधावर ढीग करून टाकू नका, खड्ड्यात घालून वर फूटभर माती लोटा. शेजारी बटाटा असेल तर त्याची रोज पाहणी. रोग बऱ्याचदा तिथून येतो.

ठिबक सकाळी, संध्याकाळी नाही. तुषार असेल तर बंदच. भारी काळ्या रानात सरीत पाणी थांबलं असेल तर चर काढून ते बाहेर काढा, रात्री तेच वर दव होऊन बसतं.

फवारणी: मॅन्कोझेब ७५ टक्के २.५ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३७-३८ ग्रॅम. दीड महिन्याच्या पिकाला एकरी निदान २०० लिटर पाणी. १०० लिटरमध्ये उरकलं तर पानाची खालची बाजू कोरडीच राहते. हॉलो कोन नोझल, तोंड वर करून बुडाकडून मारत जा. झाकोळ टिकला तर पाच-सात दिवसांनी पुन्हा, कारण नव्या फुटलेल्या पानावर औषध नसतं आणि रोगाला कवळं पान आवडतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यात ढगाळ हवा आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता दिसली की डागाची वाट बघू नका.

पहिला डाग सापडला की त्याच दिवशी सायमोक्झॅनिल + मॅन्कोझेब, लेबलच्या मात्रेत. सायमोक्झॅनिल शिरलेल्या रोगाला मागून गाठतं, पण एक-दोन दिवसांचंच. पाच दिवसांनी मारलं तर डागाखालचं मेलेलं पान कोणी जिवंत करत नाही. त्यानंतर वेगळा गट.

काळीभोर_परभणी
गुरुवार, रात्री ८:०५

लागलेलं झाड मुळासकट उपटायचं का? काही जण उपटायलेत.

गोदाकाठ
गुरुवार, रात्री ८:३०

दोन-चार झाडं असली आणि खोडावर काळा पट्टा असला तर हो. पण उपटून हातात झुलवत अख्ख्या सरीतून नेऊ नका. जागेवरच पोत्यात घाला आणि पोतं बांधून न्या. अर्धा प्लॉट लागला असेल तर उपटून हाती काही येत नाही. तेव्हा चांगली फळं काढा आणि चट्टा असलेलं एकही फळ कॅरेटमध्ये जाऊ देऊ नका, वाटेत शेजारचीही जातात.

वाफसा_बीड
गुरुवार, रात्री ९:१०

शेवटचा प्रश्न. तो सुईच्या टोकाएवढा ठिपका, झाड जिंकलंय की डाग नुकता सुरू झालाय, हे शेतात कसं ओळखायचं? सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसत असणार.

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, रात्री ९:४०

पहिल्या दिवशी सारखेच दिसतात. कायमस्वरूपी शाईचा बारीक मार्कर घ्या. दहा-बारा पानांवर ठिपक्याभोवती, ठिपक्याला न लागता, छोटं वर्तुळ काढा आणि त्या झाडाला सुतळी बांधून खूण करा. दोन दिवसांनी पहाटे बघा. ठिपका रेघेच्या आतच, कोरडा, कडा धारदार, खालून लव नाही: झाडानं अडवलंय. रेघ ओलांडली, कड ओलसर: त्याच दिवशी पंप काढा. रेघेच्या आत आहे पण खालून लव आहे, तरीही पंपच. लव आली म्हणजे बीजाणू उडायला लागले.

आडमुठा
गुरुवार, रात्री ९:४३

मार्करवर 'प्रतिकारशक्तीयुक्त' छापून घ्या कुणीतरी. उद्या कृषी केंद्रात साडेचारशेला मिळंल.